थंडीच्या मुलुखातील फिरते घर आणि त्याची बॅटरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



या व्यासपीठावरून गेल्या महिनाभरात ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर आणि मराठी कादंबरीवर विद्वत्ताप्रचुर व्याख्याने झाली. त्यांच्या पाठोपाठ बॅटरी या विषयावर बोलण्यास मी उभा आहे, हा अपराध सर्वस्वी कार्यकारिणीचा आहे. कोजागिरीच्या रात्री दूध आटण्याची वाट पाहत असताना मी आमच्या फजितीची हकीकत चारचौघांत सांगितली. ती चिटणीसांच्या कानी गेली, आणि "हेच सर्वांना सांगा" अशी आज्ञा झाली. आज्ञा मान्य करण्यास एक कारणही आहे. आपल्या मंडळातील निदान चार कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत जुन्या प्रवासी गाड्या घेऊन त्यांत बिछाना, ओटा, दिवे अशी सोय करवून घेतली आहे, आणि त्यांतील दोन कुटुंबे येत्या हिवाळ्यात लाहौलला निघण्याच्या बेतात आहेत. त्यांनी निघण्यापूर्वी माझे चार शब्द ऐकावेत, एवढीच इच्छा.

चंडीगडला घर असणाऱ्याला हिमालय म्हणजे मागचे अंगण. तथापि हिवाळ्यातील लाहौल आपल्यासाठी बंदच होते. रोहतांगची खिंड बर्फाने मिटली की जवळजवळ सहा महिने पलीकडच्या लोकांचा रस्त्याने संबंध तुटे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीहून तासाभराच्या अंतरावर, ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर, भर डिसेंबरात जाणे साध्य झाले. साध्य झाले म्हणजे सोपे झाले, असा अर्थ आम्ही काढला. तिथेच चुकलो.

२०२२ च्या डिसेंबरातील गोष्ट. गाडीत मी, आमच्या सौ., कन्या, जावई, सहा वर्षांचा नातू आणि माझी आई. आईचे वय तेव्हा ८१, आणि दमा जुना. तिला बर्फ पाहायचे होते. सांगलीकडच्या माणसाला बर्फाचे जे अप्रूप असते ते पन्नास वर्षे उत्तरेत राहूनही जात नाही. गाडीत डिझेलवर चालणारा छोटा हीटर बसविला होता. हा हीटर उष्णता डिझेलपासून घेतो. परंतु त्याचा पंखा, इंधनाचा पंप आणि ज्वाला पेटविणारी कांडी यांना वीज बॅटरीचीच लागते. बॅटरी गेली की टाकीत चाळीस लिटर डिझेल असूनही हीटर थंड. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारीत आहे.

पहिली रात्र उत्तम गेली. दुसऱ्या संध्याकाळी सिस्सूच्या पुढे मुक्काम केला, आणि चहाच्या वेळी गॅसची शेगडी मंदावली. घरगुती गॅसमध्ये ब्युटेनचा अंश मोठा असतो, आणि शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनची वाफच होईनाशी होते. सिलिंडर भरलेला, पण ज्योत मिणमिणती. कुणीतरी म्हणाले, इन्व्हर्टर आहे, विजेची किटली आहे, मग अडले कुठे? ते 'कुणीतरी' मीच होतो. एकदा चहा, एकदा आईच्या शेकाच्या पिशवीसाठी पाणी, एकदा नातवाचे दूध. तीन वेळा किटली झाली आणि आम्ही समाधानाने झोपलो.

रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती शांततेने. पंख्याची घरघर थांबली होती. हीटरच्या पटलावर व्होल्टेज कमी असल्याचा संकेत चमकत होता. तापमापक बाहेर उणे १२ दाखवीत होता, आणि पत्र्याच्या गाडीत आतले तापमान बाहेरच्याशी भेटायला किती उतावीळ असते, हे त्या रात्री कळले. अर्ध्या तासात खिडक्यांवर आतून बर्फाची नक्षी उमटली. आईला धाप लागली. जावयांनी इंजिन सुरू केले. चालू इंजिनाच्या गाडीत काचा लावून झोपणे धोक्याचे, म्हणून आम्ही सर्व जागे राहिलो. एक सज्जन कोळशाची पेटती अंगीठी घेऊन आले आणि गाडीत ठेवा म्हणाले. त्यांची माया खरी होती. पण बंद जागेतील कोळशाच्या निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू निघतो, आणि त्यापायी आपल्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात झोपेतच माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. आम्ही नम्रपणे नकार दिला. अखेर त्यांनी आपल्या घराचे दार उघडले. लाहौलच्या घरांत मधल्या खोलीत धुराडे असलेली लोखंडी शेगडी असते. तिला तिकडे तंदूर म्हणतात. आईला तिच्यापाशी बसविले. पहाटे चारला तिचा श्वास सावरला. त्या दोन तासांचे वर्णन मी करणार नाही.

दुसऱ्या दिवशी हिमवर्षावाने रस्ता बंद. गाडी आणखी एक रात्र तशीच उभी राहिली, रिकाम्या बॅटरीनिशी. तिसऱ्या सकाळी मी बॅटरीची बुचे उघडली, तर आत पाण्याऐवजी बर्फाचा गिचका होता आणि एका बाजूने कवच फुगून तडकले होते. इंजिनाची स्वतःची बॅटरी वेगळी ठेवलेली होती, म्हणून गाडी सुरू झाली आणि आम्ही परतलो. तेवढे एक शहाणपण आम्ही दाखविले होते.

मी तीस वर्षे वीजनिर्मितीच्या कामात घालविलेला माणूस. मेगावॅटचे हिशेब करणाऱ्याला बारा व्होल्टनी चीत केले, याची लाज वाटून मी घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे हाती आले ते असे.

आमच्या गाडीत बांधणाऱ्याने घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशीच, पाण्याची, १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी बसविली होती. वजन पन्नास किलोंहून अधिक. आम्लाची वाफ आत नको म्हणून ती गाडीच्या पोटाखाली, लोखंडी पेटीत. दीडशे हा आकडा ऐकून मी निर्धास्त होतो. परंतु या आकड्याला तीन अटी असतात. तो २७ अंश तापमानाचा असतो, वीस तास संथपणे वीज घेण्याचा असतो, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असल्याचा असतो. आम्ही तिन्ही अटी मोडल्या. शिशाची बॅटरी शून्य अंशाला आपल्या शक्तीच्या सुमारे चार-पंचमांश देते आणि उणे १८-२० ला जेमतेम निम्मी. शिवाय ती झटपट ओरबाडली तर आणखी कमी देते; हा नियम पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडून ठेवला आहे. आमची किटली दीड हजार वॅटची, म्हणजे बॅटरीतून सुमारे १४० अँपिअर खेचणारी. एक किटली उकळायला सहा-सात मिनिटे, म्हणजे १५ अँपिअर-तासांच्या घरात. उलट हीटर, पेटताना काही मिनिटे दहाएक अँपिअर घेतो आणि मग एक-दीडवर येतो. अख्खी रात्र तो २० अँपिअर-तासांत भागवितो. तीन किटल्यांत आम्ही दोन रात्रींची ऊब पिऊन टाकली होती.

पण एवढ्याने हिशेब जुळेना. मला पुढचे कोडे सुटायला आठवडा लागला. बॅटरी मुळात भरलीच नव्हती! चंडीगडहून निघताना भरलेली होती, पण पहिल्या रात्री वापरल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी चालविली तेव्हा ती भरून निघाली असेल, हे आम्ही गृहीत धरले. गार बॅटरी वीज देताना कद्रू असते, पण घेताना त्याहून हट्टी. जिथे २७ अंशांना १४.४ व्होल्ट पुरतात, तिथे गोठणबिंदूच्या खाली पंधराच्या आसपास लागतात. इंजिनावरचा अल्टरनेटर याची पर्वा करीत नाही, आणि आमच्याकडे तर त्याची तार लांब आणि बारीक होती. चार तास चालवूनही बॅटरीत नावापुरती भर पडली असणार.

म्हणून माझे सांगणे एकच आहे. बाजारात आपण विचारतो, ही बॅटरी किती देते? थंडीत जाणाऱ्याने विचारावे, ही सकाळी सात वाजता, रात्रभर गारठल्यानंतर, घेते का? निवड या प्रश्नावर ठरते.

आता शिशाच्या बॅटरीचे गोठणे. या बॅटरीचा शोध गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लावला. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. वीज देताना तिच्यातील गंधकाम्ल पट्ट्यांत शोषले जाते आणि मागे उरते ते पाणचट होत जाते. भरलेल्या बॅटरीतील दाट आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही. अर्धी रिकामी झालेली उणे २५ च्या आसपास गोठते. आणि पुरती रिकामी उणे ८-१० लाच. म्हणजे लाहौलच्या थंडीने आमची बॅटरी फोडली असे म्हणणे अर्धसत्य आहे. भरलेली असती तर ती त्याच जागी सुखरूप राहिली असती. शिशाची बॅटरी घेणाऱ्याने हे गाठीशी बांधावे: निम्म्याच्या खाली कधी नेऊ नये, आणि रिकामी तर एक रात्रही ठेवू नये. विसावलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या वर असेल तर ती भरलेली, १२.२ च्या जवळ असेल तर निम्मी. एवढे सांगणारा मीटर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो.

शिशाचीच घ्यायची तर पाण्याची बॅटरी झोपण्याच्या जागेत चालणार नाही. हिंदकळून आम्ल सांडते, भरताना हायड्रोजन निघतो. मग ती बाहेर जाते आणि बाहेर गारठते. हा पेच सोडविणारी जात म्हणजे एजीएम: हिच्यात आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेले असते, पेटी बंद असते, आणि ती आत, आसनाखाली ठेवता येते. जेलचीही बॅटरी असते, पण ती जलद भरून घेत नाही. दिवसा दोन-तीन तासच गाडी चालविणाऱ्यास ती सोयीची नाही. एजीएमचा मोठा गुण असा की शून्याखालीही ती भरून घेते. संथपणे घेते, पण तिला इजा होत नाही. दोष वजनाचा: २०० अँपिअर-तास म्हणजे साठएक किलो, आणि त्यांतले वापरायचे शंभर.

लिथियमविषयी सर्वांना कुतूहल आहे, म्हणून थोडे विस्ताराने. मोबाइलमध्ये असते त्या जातीची लिथियम बॅटरी मी झोपण्याच्या खोलीत ठेवणार नाही. गाडीसाठी योग्य ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. ती पेट घेण्याच्या बाबतीत पुष्कळच शांत प्रकृतीची आहे. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ पुढे आला, आणि त्यावरील १९९७ च्या शोधनिबंधावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन नावे आहेत, याचा आपल्याला आनंद वाटावा. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. समोर बसलेल्या आमच्या निवृत्त मंडळींनी याची नोंद घ्यावी.

या बॅटरीचे १०० अँपिअर-तास बारा-तेरा किलोंत मावतात, आणि त्यांतले ८०-९० निःशंक वापरता येतात. किटली लावली तरी ती फारशी वाकत नाही. उणे २० पर्यंत ती वीज देते, अर्थात कमी देते. मग अडचण कोठे? अडचण घेण्यात. शून्य अंशाखाली तिला भरू नये. भरताना लिथियमचे कण एका ध्रुवावरून निघून दुसऱ्या ध्रुवावरील ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. गारठ्यात त्यांची आत शिरण्याची गती मंदावते. मागून तर लोंढा येतच असतो. दादरला लोकलच्या दारात जे होते तेच इथे होते: आत जागा असूनही मंडळी दारातच अडकतात. लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठावर धातूच्या रूपाने साचते. ते पुन्हा पूर्णपणे वापरात येत नाही. बॅटरीची शक्ती कायमची घटते, आणि साचलेल्या धातूचे काटे वाढले तर आतल्या आत शॉर्ट होण्याचा संभव. यातले काहीही बाहेरून दिसत नाही. वास नाही, फुगवटा नाही.

आणि हा प्रसंग येतो केव्हा? नेमका प्रसन्न सकाळी. छतावर सौर पट्टी आहे, आकाश निरभ्र आहे, डोंगरावरून ऊन उतरले. आपण आत चहा घेत ऊन आल्याचा आनंद मानतो, आणि छतावरची पट्टी उणे पाच अंशांच्या बॅटरीत वीज कोंबू लागते. चांगल्या बॅटरीतील संरक्षक मंडल, ज्याला बाजारात बीएमएस म्हणतात, अशा वेळी भरणे थांबविते. स्वस्त बॅटऱ्यांत बीएमएस असते, पण ते अतिप्रवाह आणि अतिव्होल्टेज एवढेच पाहते. गारठा पाहत नाही. दुकानदाराला तोंडी विचारू नये. "कमी तापमानाला चार्जिंग बंद होते का, आणि किती अंशांना?" हे त्याच्याकडून लिहून घ्यावे, माहितीपत्रकात दाखवायला सांगावे. मी तीन ठिकाणी विचारले. दोघे म्हणाले, "साहेब, इथे कुठे एवढी थंडी पडते?" तिसऱ्याने माहितीपत्रक उघडले. मी तिसऱ्याकडून घेतली.

स्वतःला ऊब देणाऱ्या लिथियम बॅटऱ्याही आता मिळतात. त्यांच्यात पातळ तापक बसविलेला असतो. भरण्यास आलेली वीज आधी तापकाला जाते आणि पेशी ऊबदार झाल्यावरच आत घेतली जाते. ज्यांना बॅटरी बाहेर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही त्यांनी हीच घ्यावी. मला मात्र त्याहून सोपा मार्ग सुचविला तो आमच्या सौ.नी. आपण सर्वच जण इथे हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली गोठल्यावर काय करतो? बाटलीला तापक बसवीत नाही. न्हाणीघरातून उचलून स्वयंपाकघरात ठेवतो. जिथे माणसे झोपतात तिथेच बॅटरी झोपवा, असे त्या म्हणाल्या. मी तीस वर्षे नोकरी केली, आणि हे मला सुचले नाही.

आज आमच्या गाडीत लिथियमची १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी मधल्या आसनाखाली आहे. खाली लाकडी फळी आणि जाड फोम, जेणेकरून पत्र्याचा गारठा थेट पोचू नये. पण वरून आणि पुढून पेटी मोकळी, म्हणजे हीटरची ऊब तिच्यापर्यंत येते. पुष्कळजण बॅटरी चारी बाजूंनी गुंडाळतात. गुंडाळल्याने ऊब निर्माण होत नाही, असलेली टिकते एवढेच. आणि ऊब आत शिरण्याची वाटही त्यामुळे बंद होते. पेटीला तापमापकाची तार लावली आहे. गेल्या फेब्रुवारीत बाहेर उणे ९ असताना सकाळी आसनाखाली अधिक ७ होते.

इंजिनावरून भरण्यासाठी मधे डीसी-टू-डीसी चार्जर बसविला. रिकामी लिथियम बॅटरी भुकेल्या पैलवानासारखी अल्टरनेटर देईल तेवढे खाते, आणि अल्टरनेटर तापून जळण्याची भीती असते. हे यंत्र त्याला मर्यादा घालते, शिवाय योग्य व्होल्टेज राखते. त्याची तार मात्र जाड घ्या. आणखी एक: शिशाच्या बॅटरीसारखे लिथियमचे व्होल्टेज हळूहळू उतरत नाही. भरलेली असो वा निम्मी, ती १३.२-१३.३ दाखवीत राहते आणि शेवटी एकाएकी मान टाकते. म्हणून व्होल्टमीटरवर भिस्त ठेवू नये. आत किती गेले, बाहेर किती आले हे मोजणारा शंटचा मीटर लावावा.

मग सर्वांनी लिथियमच घ्यावी का? नाही. वर्षातून एकदा, दोन रात्रींसाठी जाणाऱ्या कुटुंबाने खर्च वाचवून एजीएम घ्यावी, भरून न्यावी, भरून आणावी, आणि किटली घरी ठेवावी. गाडी आठ-आठ दिवस थंडीत उघड्यावर, हीटर बंद ठेवून, सौर पट्टीवर सोडून जाणार असाल तर बीएमएसची खात्री नसलेल्या लिथियमपेक्षा एजीएम केव्हाही बरी. वारंवार जाणाऱ्यांना आणि गाडीत राहणाऱ्यांना लिथियमचा वाढीव खर्च काही वर्षांत परवडतो, कारण ती हजारो वेळा भरता-रिकामी करता येते. शिशाची काही शे वेळांत थकते. मुक्काम नसताना लिथियम निम्मी भरून, तारा सोडून ठेवावी. शिशाची पूर्ण भरून.

कोणतीही घेतली तरी दोन वस्तू सोबत असू द्याव्यात. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र, स्वतःच्या सेलवर चालणारे. कारण डिझेलच्या हीटरचे धुराडेही कधी फुटू शकते. आणि प्रत्येकासाठी उणे तापमानाची स्लीपिंग बॅग, हीटर नाहीच असे समजून घेतलेली.

आई यंदा ८४ वर्षांची झाली. गेल्या फेब्रुवारीत ती आमच्याबरोबर पुन्हा आली होती. त्या लाहौली कुटुंबासाठी तिने तिळाच्या वड्या नेल्या. गाडीत ती मधल्या आसनावर, म्हणजे बॅटरीच्या बरोबर वर बसते. तिथे सर्वांत ऊब असते असे तिचे म्हणणे आहे, आणि तापमापकाचेही तेच म्हणणे आहे.

गाडी खाली सभागृहाच्या डाव्या बाजूस उभी आहे. अल्पोपाहारानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांना मी आसन उचलून जोडणी दाखवीन. येत्या हिवाळ्यात निघणाऱ्या दोन्ही कुटुंबांनी आपापल्या बॅटरीचे माहितीपत्रक आणले असल्यास तेही आपण तिथेच उघडून पाहू.